कौलारू घराचा पत्ता

सोमवार, १७ मार्च

आज ऐतिहासिक दिवस. शाळेत कवितेचा तास परत येणार आणि तो मी आणणार.

सकाळी गावच्या शाळेत जाऊन मेघाली बाईंना भेटलो. बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वयाने माझ्या मुलाएवढ्या, धनेशएवढ्या, पण बोलणं अगदी आमच्या ट्रकच्या वजनकाट्यावर तोलून घेतल्यासारखं. म्हटलं, बाई, याच शाळेत, याच खिडकीशी बसून आम्ही कविता म्हणायचो. गुरुजी एक ओळ सोडत, मागून अख्खा वर्ग. खाडीतल्या होड्यांवरची माणसं वल्हं थांबवून ऐकत. आता शाळेसमोरून कंटेनर जातात आणि एकाही पोराला एक कविता चालीत येत नाही. दर शनिवारी मला एक तास द्या. बाकी काही नको.

बाई म्हणाल्या, आबा, तास देईन, पण आधी माझी नड भागवा. दुसरीतली चार मुलं जीवनकौशल्यांत कच्ची आहेत. आठ एप्रिलला केंद्रप्रमुख प्रॅक्टिकल घ्यायला येतायत. हात धुणं, बुटाची नाडी, रस्ता ओलांडणं, आपलं नाव-पत्ता-फोन नंबर सांगणं. एवढी उजळणी घ्या. चौघं नीट निघाली की शनिवार तुमचा.

एवढंच? मनात हसलो. दोन दिवसांचं काम. उरलेल्या दिवसांत शनिवारच्या कविता निवडून ठेवीन.

घरी सांगितलं. राहीबाई म्हणाली, तुमी उजलनी घेनार? तुमाला सोताचा टॉवेल गावत न्हाय. कवीच्या बायका असंच बोलतात. (टॉवेल दारामागे होता. ठेवतानाच सांगायला हवं होतं.)

मंगळवार, १८ मार्च. संध्याकाळ

चौघं ओट्यावर आली. तुळजा: तोंडाने तिखट. रीमा: तुळजा करील ते. प्रितेश: गावातलाच, काकाचे ट्रक आहेत, हॉर्नवरून गाडी ओळखतो आणि ओळखली की सांगतोच. विठू: वाडा तालुक्याकडून आलेला. आई चंद्रा समोरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला. पोरगा गप्प.

प्रथम चाचणी घेतली. विठूला म्हटलं, नाव-पत्ता सांग. त्याने नाव, तिसऱ्या कंपाउंडमागची चाळ, आईचं नाव, आईचा फोन नंबर सगळं एका दमात सांगून टाकलं. आवाजात ना चढ ना उतार. जसं काही गोण्या मोजतोय. शेरा लिहिला: विठू, अत्यंत कच्चा. विशेष मेहनत हवी.

गुरुजींची मेथड वापरायचं ठरवलं. आधी पाठांतर, अर्थ मागून येतो. आम्हाला सगळ्या कविता अशाच आल्या. काहींचा अर्थ अजून यायचाय, पण कविता येते.

संकल्प: प्रत्येक कौशल्यावर एक कविता. चालीसकट.

गुरुवार, २० मार्च

हात धुण्याची कविता तयार.

हात धुवा हो, हात धुवा,
बोटांमधला मळ नुरवा.

तुळजाने विचारलं, नुरवा म्हंजे काय? किती सुंदर प्रश्न. न उरवा, म्हणजे उरू देऊ नका. मग जुन्या मराठीवर गाडी गेली, ती थांबलीच नाही. मुलं तल्लीन. प्रितेश तर इतका, की डोळे मिटले.

मध्येच राहीबाई बादली आणि साबण घेऊन ओट्यावर आली. परत पाठवली. पाणी दिसलं की मुलांचं लक्ष कवितेवरून उडतं.

नंतर तिने चिवडा दिला. चौघांनी तसाच खाल्ला. मीही.

शनिवार, २२ मार्च

आज नाडी. अडचण अशी की नाडीचा बूट कुणाकडेच नाही. तिघं चपलांवर, प्रितेशच्या बुटाला चिकटपट्टी. माझ्या सॅंडललाही तीच. धनेशचे बूट मागितले. तो म्हणाला, बाबा, काट्यावर गाड्यांची लाइन लागलीय, पायातले काढून कसे देऊ? नव्या पिढीला शिक्षणाची कदर नाही.

पण बूट नसला की कल्पनाशक्ती मोकळी होते.

डावी दोरी उजवीवरती,
जणू मैत्रिणी दोघी भेटती,
गळ्यात गळा घालुनी हसती,
मागे वळुनी फूल गुंफिती.

'गळ्यात गळा' या ओळीला तुळजा आणि रीमाने खरोखर एकमेकींच्या गळ्यात गळा घातला. मला भरून आलं. अर्थ मागून येतो तो असा.

नाडी: झाली.

मंगळवार, २५ मार्च

रस्ता ओलांडणे. हे प्रत्यक्षच घेतलं. पुस्तकात पांढरे पट्टे आहेत. आमच्या काट्यापासून काल्हेरपर्यंत एक पट्टा दाखवा. इथे लोक उजवा हात वर करून, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघत चालू लागतात. मुलांना हे चालायला-बोलायला लागल्यापासूनच येतं. पण त्यात काव्य कुठे आहे?

कविता म्हणत निघालो. रस्त्याच्या मधोमध प्रितेशने 'उजवीकडे' हा शब्द आखूड केला. थांबून दुरुस्त करून घेत होतो तेवढ्यात ट्रेलर आला. ड्रायव्हर बाहेर डोकं काढून म्हणाला, चाचा, घर पे बता के निकले हो ना? मी त्याला छंद समजावणार होतो. एवढ्यात चौघांनी माझे दोन्ही हात धरले, विठूने आपला हात वर केला, आणि आम्ही पलीकडे.

म्हणजे कौशल्य उत्तम आत्मसात. अपेक्षेहून लवकर.

राहीबाईला कुणी सांगितलं कळत नाही. संध्याकाळभर भांडी जोरात ठेवत होती.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

कडुलिंब चघळताना स्फुरलं. नाव, पत्ता, फोन हा सगळ्यात रुक्ष विषय, आणि त्याचीच सगळ्यात चांगली कविता झाली. नमुना म्हणून आपलाच पत्ता घेतला. लहान मुलाच्या तोंडी शोभावा म्हणून 'आजोबा' घातले.

चांगदेव हे आजोबांचे नाव असे हो थोर,
काट्यामागे घर कौलारू, अंगणात ये मोर.
दारी डुलतो पारिजात अन् गोठ्यामध्ये गाय,
फोन लावता आजोबांना, हरवायाचे काय.

पुढे नंबर. पाच अंकांचा एक चरण, पाचाचा दुसरा. माझा नंबर छंदात इतका चपखल बसतो की कंपनीने मला बघूनच दिला असावा.

कौलं धनेशने बंगला बांधला तेव्हा उतरवली, हे मान्य. गोठ्याच्या जागी जनरेटर आहे. पारिजात ट्रक वळवायला जागा हवी म्हणून गेला. पण कवितेत जनरेटर बसत नाही. पत्ता म्हणजे नुसतं घर कुठे आहे ते नव्हे. घर कसं होतं, तेही पत्ताच.

राहीबाईला वाचून दाखवली. म्हणाली, आपल्या अंगनान मोर कंदी आला? आला तवा मी कुटं व्हती?

बुधवार, २ एप्रिल

चौघांना कविता एका दिवसात पाठ. विठूसुद्धा गायला. आधी पुटपुटत, मग डोळे मिटून, मग असा खुला आवाज की काट्यावरचे ड्रायव्हर वळून बघू लागले. त्या पोराच्या गळ्यात गाणं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता प्रत्येकाचा आपापला पत्ता चालीत बसवायला घेतला. अडचणी आल्या. विठूच्या आईच्या नंबरात मधोमध ओळीने तीन शून्यं. शून्य, शून्य, शून्य. चाल तिथे खड्ड्यात गेलेल्या रिक्षासारखी आपटते. रीमाच्या घरी दोन नंबर, कुठला चालू ते तिला माहीत नाही. प्रितेशच्या आईचं सिम नवं.

ठरवलं: आधी चाल पक्की होऊ दे. ज्याचा त्याचा पत्ता परीक्षेच्या आदल्या दिवशी भरायचा. मूर्ती आधी, डोळे शेवटी.

तुळजा म्हणाली, आबा, ह्यो तर तुमचा पत्ता हाय. आमी तुमच्यात कुटं राहतो? तिला समजावलं की कवितेतला 'मी' हा कवी नसतो. ती म्हणाली, मंग कोन असतो? फार खोल प्रश्न. शनिवारच्या तासासाठी राखून ठेवला.

सोमवार, ७ एप्रिल

आज पत्ते भरायचे होते. पण सुरुवातीलाच जाणवलं की शेवटच्या चरणात हळवेपणा कमी पडतोय. हरवलेल्या मुलाच्या तोंडची ओळ आहे, घसा थोडा दाटायला हवा. त्यावर मेहनत घेतली. विठूने असा दाटवला की रीमा रडू लागली. मग तिला गप्प करण्यात वेळ गेला. तेवढ्यात आया शिफ्टवरून सुटून न्यायला आल्या.

पत्ते राहिले. हरकत नाही. हुशार मुलं आहेत, ऐनवेळी बदलून घेतील.

शनिवारच्या पहिल्या तासाला घालायचं धोतर इस्त्रीला दिलं.

मंगळवार, ८ एप्रिल. दुपार

प्रॅक्टिकल झालं. मी वऱ्हांड्यात खिडकीशी उभा होतो. जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

हात धुणे. केंद्रप्रमुख साहेबांनी साबण आणि तांब्या पुढे केला. चौघांनी त्याला हात न लावता कविता म्हटली, सुरात, आणि हात वाऱ्यावर चोळले. साहेब म्हणाले, आता धुवा. चौघांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

नाडी. साहेबांनी टेबलावर बूट ठेवला. तुळजा आणि रीमाने बुटाकडे पाहिलंही नाही, एकमेकींच्या गळ्यात गळा घातला. प्रितेशच्या वाट्याला विठू आला. दोघं लाजले, पण त्यांनीही घातला. साहेब बराच वेळ बूट हातात घेऊन बसले होते.

मग पत्ता. विठू उभा राहिला. डोळे मिटले. काय म्हटलं पोराने. कौलारू घर, मोर, पारिजात, गाय, आणि तो दाटलेला घसा. शेजारच्या वर्गातली गडबड थांबली. साहेबांनी नंबर लिहून घेतला आणि खात्री करायला लावला.

माझ्या खिशात वाजला. उचलला. हॅलो, कोण बोलतंय? खिडकीच्या जाळीपलीकडून माझ्याकडे बघत साहेब म्हणाले, मी बोलतोय. आम्ही दोघं फोन कानाला लावून एकमेकांसमोर. म्हणाले, तुम्ही विठूचे आजोबा का? म्हटलं, काव्यदृष्ट्या.

तुळजाच्या वेळी पुन्हा वाजला. रीमाच्या वेळी पुन्हा. प्रितेशने म्हटल्यावर साहेबांनी फोन लावलाच नाही, नुसतं खिडकीकडे बघितलं. मी मान डोलावली.

एकंदरीत फार प्रभावी झालं. चौघांत एकही अडखळला नाही.

बुधवार, ९ एप्रिल

बाईंनी बोलावलं. दुसरीत नापास कुणी होत नाही, पण चौघांच्या कार्डावर साहेबांनी शेरा दिलाय: मदत हवी. सोळा तारखेला पुन्हा प्रॅक्टिकल.

म्हटलं, बाई, पाठांतर तर बघा. बाई म्हणाल्या, आबा, तेच बघतेय. विठूला सकाळी मी आईचा नंबर विचारला. महिन्यापूर्वी हा मुलगा झोपेतून उठवला तरी सांगायचा. आज त्याने मला मोर ऐकवला.

खरं तर विठू 'अत्यंत कच्चा' होता हे माझ्याकडे नोंदलेलं आहे. पण वाद वाढवला नाही, शनिवारचा प्रश्न होता.

बाईंनी सांगितलं, हात आणि नाडी मी बघते. तुम्ही फक्त ती कविता त्यांच्या डोक्यातून काढा. ती निघाली तर शनिवारचं बोलू.

काढायची. म्हणजे विस्मरणाचा वर्ग. घातलेली कविता काढणं ते काय अवघड.

शुक्रवार, ११ एप्रिल

अवघड आहे.

चौघांना ओट्यावर बसवून सांगितलं, ती कविता आता विसरायची. प्रितेशने विचारलं, कंची? सांगायला म्हणून पहिली ओळ म्हटली. चौघांनी उरलेली पूर्ण केली.

मग प्रत्येकाला आपला खरा पत्ता बोलायला लावला. विठू 'तिसऱ्या कंपाउंडच्या मागे' इथवर नीट आला आणि पुढे त्याच्या तोंडून 'घर कौलारू' आपोआप निघालं. त्याचा त्यालाच राग आला. पायाने ओट्याला लाथ मारली. म्हणाला, आबा, त्यो मोर जात न्हाय.

सरकारी पुस्तकातली एक कविता वर्षभर यांना पाठ होत नाही आणि माझी जात नाही. हे दुःखाने लिहितोय. म्हणजे मुख्यतः दुःखानेच.

काट्यावरचे ड्रायव्हरही म्हणू लागलेत. एक उत्तर प्रदेशचा आहे. त्याचे उच्चार वाईट, पण सूर चांगला.

शनिवार, १२ एप्रिल. हनुमान जयंती

देवळाशी जत्रा. पालखी, पाळणे, भेळ, भोंगा. फोन घरी बंद करून चार्जिंगला लावून आलो होतो.

पाळण्यांपलीकडे बाकावर टेकलो होतो. इतक्यात भोंग्यावर माझी कविता. मंडळाचा नवशा माइकवर असतो. त्याच्या तोंडून, अख्ख्या जत्रेवर: चांगदेव आबांचा नातू सापडलाय, घर कौलारू हाय, अंगनात मोर हाय, दारात पारिजात. वळख पटवून पोर घेऊन जावा.

सांगायला लाज वाटत नाही, अंगावर काटा आला. आयुष्यात प्रथमच माझी ओळ भोंग्यावर. नवशाने गायीची ओळ गाळली. पुन्हा म्हणाला तेव्हा तरी घेईल म्हणून थांबलो. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा गाळली. तिसऱ्या वेळेची वाट बघत होतो तर राहीबाई गर्दीतून आली आणि माझ्या दंडाला धरून उठवलं. म्हणाली, पोर हरवलाय. कविता काय आयकताव.

तेव्हा कळलं.

देवळाच्या पायरीवर विठू. रडत नव्हता. जो विचारील त्याला कविता म्हणून दाखवत होता, त्याच दाटलेल्या घशाने, आणि आता तो दाटवायची गरज नव्हती. नवशा म्हणाला, आबा, चार पोरं कौलाचं घर शोधाया पाठवली, गावात एकबी गावलं न्हाय. नंबर लावला तर बंद. धनेशचं लग्न कवा झालं, नातू येवढा झाला?

चंद्रा भेळवाल्यापासून तळ्यापर्यंत पळत होती. तिने भोंगा ऐकला होता. पण तो चांगदेव आबांच्या नातवाबद्दल होता. तिचा पोरगा कुणाचा नातू नव्हता. म्हणून ती ऐकूनही तळ्याकडे गेली.

आली तेव्हा पायात एकच चप्पल. विठूला तिने आधी धपाटा घातला, मग उचलला.

रविवार, १३ एप्रिल

चंद्रा सकाळी आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली. वर ये म्हटलं, आली नाही.

म्हणाली, आबा, कविता चांगली हाय. विठू रातच्याला झोपताना पन म्हनतो, मना आवडते. पन आमी ड्युटीला जातो तवा पोर एकटा ऱ्हातो. त्याच्याकडं आमचा नंबर सोडून काय नवता.

राहीबाईने तिला चहा दिला. मी उठून आत गेलो. आत काही काम नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर मुलं आली नाहीत.

बुधवार, १६ एप्रिल

फेर-प्रॅक्टिकल. मी गेलो नाही. म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेर होतो, योगायोगाने.

आयांनी घरोघरी मुलांना बादलीशी उभं केलं होतं. बाईंनी स्वतःचे नाडीचे बूट वर्गात ठेवले होते. हात धुतले गेले, पाण्याने. नाडी बांधली गेली, बुटाची. पत्त्याला विठूने 'चांगदेव हे' एवढं म्हटलं, तोंडावर हात ठेवला, आणि मग आईचा नंबर बोलला. चढ नाही, उतार नाही. तिन्ही शून्यं एकामागोमाग. मी भिंतीला टेकून ऐकलं. काव्यदृष्ट्या काहीच नाही, आणि तरी मी श्वास धरून का उभा होतो कळेना.

चौघांच्या कार्डावर 'प्रगती चांगली'.

आत जाऊन बाईंना शनिवारची आठवण करून दिली. उजळणी कुणी घेतली हा तपशील झाला, चौघं नीट निघाली हे महत्त्वाचं.

बाई म्हणाल्या, आबा, आयांशी बोलले मी. त्यांचं म्हणणं, कविता आता पोरांच्या डोक्यातून जायची नाही. गावाच्याही नाही. उद्या कुठलंही पोर हरवलं की लोक त्याला तुमच्याकडेच आणून सोडणार. तेव्हा चौघींचे नंबर तुम्हाला तोंडपाठ हवेत. फोनमध्ये नकोत, तुमचा फोन बंद असतो. शनिवारी तुळजा तुमची तोंडी घेईल. पास झालात की तास तुमचा.

अट अगदीच सोपी. ज्या माणसाला अख्खी शाळेची पुस्तकं पाठ आहेत त्याला चार नंबर.

गुरुवार, १७ एप्रिल

सकाळपासून अभ्यास. नुसता अंक डोक्यात राहत नाही. चाल लावली की राहतो, पण मग चालीला सोयीचा अंक राहतो. विठूच्या आईच्या एका शून्याच्या जागी 'सात' घेतला तर ओळ वाहू लागते.

राहीबाई तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, तो नंबर लावून बगा.

लावला. दापोड्याच्या कुठल्याशा प्लायवूडच्या गोडाऊनला लागला. त्या माणसाला अडचण सांगितली, पूर्ण चरण ऐकवला. भला माणूस, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, अंकल, माल कितना भेजू?

शुक्रवार, १८ एप्रिल

सुट्टी. दिवसभर घोकंपट्टी. अंघोळ करताना, जेवताना. धनेश म्हणाला, बाबा, चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा ना. त्याला म्हटलं, आम्ही कधी कॉपी केली नाही.

दुपारपर्यंत चारही येत होते. चहानंतर दोन राहिले. रीमाच्या आईचा आणि प्रितेशच्या आईचा एकमेकांत मिसळला. निम्मा हिचा, निम्मा तिचा, पण ऐकायला गोड.

धोतर इस्त्री होऊन आलं.

शनिवार, १९ एप्रिल

धोतर नेसून गेलो. वर्गात खिडकीशी बाकावर बसवलं. गुडघे बाकात मावेनात. समोर बाईंच्या खुर्चीवर तुळजा, पाय अधांतरी. बाजूला तिघं. चंद्रा आणि दुसऱ्या दोघी-तिघी आया दारात. बाई फळ्याशी.

तुळजा म्हणाली, आबा, चाल लावायची न्हाय.

सुरुवात केली. थोड्या वेळाने ती म्हणाली, आबा, बोटं थांबवा. माझी बोटं बाकावर ताल धरत होती. बोटं मांडीखाली घातली. मग पाय हलू लागला. प्रितेशने चुगली केली.

रीमाच्या आईचा अर्धा बरोबर. प्रितेशच्या आईचा पहिला आणि शेवटचा अंक बरोबर. तुळजाच्या आईच्या नंबरावर तुळजाच हसू लागली, म्हणाली, हा तर तुमचाच सांगताव. शेवटी विठूच्या आईचा. सावकाश, डोळे उघडे ठेवून बोललो. दोन शून्यांवर थांबलो. विठूने बाकाखाली एक बोट दाखवलं, अजून एक. तुळजाने त्याला ओरडून मागे बसवलं.

बाईंनी कोरं कार्ड दिलं. तुळजाने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत शेरा लिहिला: मदत हवी. फेरपरीक्षा सोमवारी. शनिवारचा तास त्यानंतर बघू.

कार्डावर खाली पालकाची सही लागते. घरी आल्यावर राहीबाईपुढे धरलं. तिने कालवणाचा हात पदराला पुसला आणि सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.